प्रत आणि न्यास : कारंज्याच्या ग्रंथभांडारांच्या निमित्ताने

१

दोन संस्कृतींमधील सहकार्याची चर्चा करताना साधारणतः तीन पदे गृहीत धरली जातात. एका बाजूला एक संस्कृती, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि दोहोंमधील अंतर ओलांडण्यासाठी एखादे साधन : लिपी, कागद, छापखाना, छायाचित्र, संगणक. या मांडणीत साधनाचे स्थान गौण ठरते. ते पुलासारखे मानले जाते, आणि पुलावरून कोण गेले, कशासाठी गेले, याची जबाबदारी पुलावर येत नाही. मांडणी सोयीची आहे. पण तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. ज्ञानाच्या देवघेवीत सहकारी म्हणून कोणाला मोजायचे, हे माणसे आधी ठरवतात आणि मग साधन वापरतात, की वापरातले साधनच ते त्यांच्या नकळत ठरवून टाकते? दुसरा पर्याय अंशतः जरी खरा असला, तरी साधनाच्या निवडीला नीतीचा प्रश्न म्हणून सामोरे जावे लागेल.

या प्रश्नाचा विचार विदर्भातील कारंजा लाड या गावाच्या आधारे करता येतो. तेव्हाच्या अकोला आणि १९९८ पासून वाशिम जिल्ह्यातील हे गाव श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात वंद्य आहे. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांना मात्र ते आणखी एका कारणासाठी ठाऊक असते. येथील दिगंबर जैन मंदिरांमधील हस्तलिखितांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत भारतीय भाषांच्या इतिहासाचे एक जवळजवळ कोरे पान भरून काढले. आधुनिक मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करणाऱ्यालाही त्या पानावरून जावेच लागते.

२

कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक-परंपरांची मंदिरे आहेत. भट्टारकांची पीठे हिंडती, शिष्यशाखा दूरवर पसरलेल्या. गावातील बघेरवाल समाज आपले मूळ राजस्थानात सांगतो. ‘लाड’ या नावाचा संबंध गुजरातेतील लाट देशाशी जोडला जातो. ग्रंथांच्या भाषा संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश. घरची आणि बाजारची भाषा वऱ्हाडी मराठी. तेव्हा प्राच्यविद्येचा अभ्यासक येथे आला त्या दिवशी दोन संस्कृतींची प्रथमच गाठ पडली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्याला ‘एक बाजू’ म्हणायचे तीच मुळात अनेक शतकांच्या सांस्कृतिक सहकार्यातून घडलेली होती आणि त्या सहकार्याचे स्वतःचे एक साधन होते : हाताने उतरवलेली प्रत.

या साधनाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. जैन परंपरेत ग्रंथ लिहवून देणे हे शास्त्रदान आहे. कोणी गृहस्थ किंवा गृहिणी द्रव्य देते, लेखक प्रत उतरवतो, ती एखाद्या मुनीला, आर्यिकेला किंवा मंदिराला अर्पण होते. हस्तलिखिताच्या अखेरीस येणाऱ्या प्रशस्तीत अनेकदा संवत, तिथी, गाव, मंदिर, गुरुपरंपरा, दात्याचे कुल आणि लेखकाचे नाव नोंदवलेले असते. नक्कल करणारा स्वतःच्या चुकांबद्दल क्षमा मागतो, शहाण्यांनी त्या सुधारून घ्याव्यात अशी विनंती करतो, आणि पोथीला तेलापाण्यापासून व सैल बांधणीपासून जपण्यास सांगतो. वाङ्मयेतिहासकार या मजकुराकडे बहुधा कालनिर्णयासाठी पाहतो. वस्तुतः प्रशस्ती ही सहकाऱ्यांची नोंदवही आहे. ग्रंथ एका व्यक्तीच्या प्रतिभेतून आला, इतकेच सांगून ती थांबत नाही. तो वाचकाच्या हाती येईपर्यंत किती जणांच्या द्रव्याचा, श्रमांचा आणि काळजीचा त्यात वाटा आहे, हे ती सांगते. शिवाय त्या साखळीत वाचकालाही एक कर्तव्य लावून देते.

याचा अर्थ हस्तलिखितांचे जग निर्दोष होते असा नाही. ग्रंथापर्यंत कोणी पोहोचावे यावर जातीचे, पंथाचे आणि लिंगभेदाचे निर्बंध होते. कुलूपबंद भांडारात वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांचा हिशेब कोणत्याही प्रशस्तीत नाही. म्हणून येथे हातनकलेचे गौरवीकरण अभिप्रेत नाही. प्रत्येक साधन कोणाला दृश्य करते आणि कोणाला अदृश्य करते, एवढाच मुद्दा आहे.

३

रिचर्ड पिशेल यांनी १९०२ मध्ये अपभ्रंशाची उपलब्ध सामग्री एकत्र केली, तेव्हा तिचा मोठा भाग हेमचंद्राच्या व्याकरणातील उदाहरणांवर आणि अलंकारग्रंथांत विखुरलेल्या अवतरणांवर अवलंबून होता. एक संपूर्ण साहित्य हरवले असून त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत, असाच समज होता. हेर्मान याकोबी यांना १९१४ मध्ये अहमदाबादेस धनपालाच्या ‘भविसत्तकहा’ची पोथी पाहायला मिळाली, त्यांची आवृत्ती म्युनिक येथे १९१८ मध्ये निघाली. त्याच काव्याची चिमणलाल दलाल आणि पुण्याचे पांडुरंग दामोदर गुणे यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२३ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाली. पुढे १९२६ मध्ये रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून निघाली, आणि कारंज्याच्या भांडारांत पुष्पदंत, कनकामर यांच्यासारख्या कवींची संपूर्ण काव्ये शाबूत आहेत हे विद्वज्जगताला कळले. साहित्य हरवले नव्हते. ज्यांना ते हरवल्यासारखे वाटत होते, त्यांचा ते सांभाळणाऱ्यांशी संबंध आला नव्हता.

यानंतरची घटना महत्त्वाची आहे. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला कारंज्यातच उभी राहिली. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘णायकुमारचरिउ’ (१९३३), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) ही पुस्तके कारंज्याहून प्रसिद्ध झाली. वैद्यांनी आर्यदेवाच्या ‘चतुःशतका’वरील प्रबंध १९२३ मध्ये पॅरिस येथे फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला होता, पुढे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ते प्रमुख संपादक झाले. युरोपीय संहिताचिकित्सेची शिस्त आणि वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबाचे शास्त्रदान यांची गाठ या ग्रंथमालेत पडली. तिचे फळ प्रादेशिक इतिहासालाही मिळाले : ‘करकंडचरिउ’तील तेरापूरच्या लेण्यांच्या वर्णनाचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडता आला.

तथापि या दोन शिस्ती एकाच पोथीकडे वेगवेगळ्या दृष्टींनी पाहत होत्या. भांडाराच्या दृष्टीने पोथी पूज्य आहे. श्रुतपंचमीला तिची पूजा होते. अपभ्रंशाच्या पुनःशोधाचा आरंभ ज्या ‘भविसत्तकहा’ने झाला आणि कारंज्याहून प्रकाशित झालेले जे ‘णायकुमारचरिउ’, ती दोन्ही काव्ये पंचमीव्रताचे माहात्म्य सांगणारी आहेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. संपादकाच्या दृष्टीने तीच पोथी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. नकलकाराची चूक परंपरेच्या लेखी क्षम्य दोष आहे. संपादकाच्या लेखी ती मौल्यवान पुरावा आहे. कारण समान चुकांवरूनच प्रतींचे कुळ शोधता येते. एक पक्ष चुकीकडे क्षमेच्या भावनेने पाहतो, दुसरा तिच्या शोधात असतो.

सहकार्यासाठी हेतूंची एकवाक्यता आवश्यक असते काय, हा तात्त्विक प्रश्न येथे उपस्थित होतो. कारंज्याचे उदाहरण नकारार्थी उत्तर देते. दात्याला पुण्य हवे होते, पंडिताला आगमाची शुद्धता, प्राध्यापकाला भाषेचा इतिहास. हे हेतू एकमेकांत विरघळले नाहीत आणि तसे विरघळण्याची गरजही नव्हती. गरज होती ती एका वेगळ्या गोष्टीची : प्रत्येकाने आपल्या हेतूसाठी केलेली कृती दुसऱ्याच्या हेतूला उत्तर देण्यास बांधलेली असावी. संपादकाने पाठ बदलला तर का बदलला हे तळटिपेत सांगावे. भांडाराने पोथी नाकारली तर का नाकारली हे सांगावे. सहकार्याचा गाभा सहमतीपेक्षा या उत्तरदायित्वात अधिक आहे.

४

हे उत्तरदायित्व कसोटीला लागले ते ‘षट्खंडागम’ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेच्या प्रकाशनात. या ग्रंथाच्या जुन्या कानडी लिपीतील ताडपत्र-प्रती दक्षिण कन्नडमधील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. त्यांचे दर्शन घेता येत असे. वाचन आणि नक्कल सहसा नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद, मुंबईचे माणिकचंद आदींच्या प्रयत्नांनी १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. ही नक्कल मूडबिद्रीतच राहावी अशी अट होती. काम करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक कानडी प्रत तयार केली आणि ती बाहेर नेली. ती सहारनपूरला पोहोचली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर होत असता सीताराम शास्त्री यांनी स्वतःजवळ आणखी एक प्रत राखली, आणि तिच्यावरून झालेल्या नकला आरा, अमरावती, कारंजा इत्यादी ठिकाणी गेल्या. कारंज्याची प्रत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. अशा प्रतींच्या आधारे हिरालाल जैन आणि त्यांचे सहकारी पंडित यांनी अमरावतीहून १९३९ मध्ये ‘धवले’चा पहिला खंड काढला, सोळावा खंड १९५८ मध्ये निघाला. विदिशाच्या दात्याचे द्रव्य, कानडी मूळ, प्राकृत-संस्कृत संहिता, हिंदी अनुवाद आणि वऱ्हाडातील छपाई असा हा प्रचंड सहोद्योग दुहेरी गुप्ततेच्या पायावर उभा राहिला.

या कृतीचे नैतिक मूल्यमापन कसे करावे? आधुनिकतेने परंपरेच्या कुलपाला दिलेला धक्का म्हणून तिचा गौरव करता येईल. आधुनिक ज्ञानलालसेने केलेला विश्वासघात म्हणून तिचा धिक्कारही करता येईल. दोन्ही वाचनांत संघर्ष ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असा कल्पिलेला आहे. प्रत्यक्षात नक्कल करणारे, करवणारे आणि अडवणारे हे सारे एकाच धर्मपरंपरेतले होते, आणि संघर्षाची दोन्ही टोके त्या परंपरेच्या नीतिशास्त्रातच आहेत. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माची कारणे सांगताना ज्ञान लपवणे, ज्ञानाविषयी मत्सर बाळगणे आणि ज्ञानात अडथळा आणणे यांची गणना आहे. सातव्या अध्यायात न दिलेले घेणे म्हणजे चोरी, अशी व्याख्या आहे. पहिल्या नियमाने भांडारपाल दोषी ठरतो, दुसऱ्याने नकलकार.

नकलेने मूळ जागचे हलत नाही, मग चोरी कशाची, असा युक्तिवाद संभवतो. पाठ चोरीला गेला नाही हे खरे. संमती चोरीला गेली. नकलकाराला आत प्रवेश मिळाला तो एका अटीवर, आणि ती अट मोडली गेली. हेतू निर्लोभ होता, असेही म्हणता येईल. पण व्यवहारात नकलेचा मोबदला मिळतच होता, आणि निर्लोभ हेतूनेही दुसऱ्याचा विश्वास परस्पर खर्च करण्याचा अधिकार मिळत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की हे दोन नियम दोन वेगळ्या व्यक्तींना उद्देशून आहेत. ‘लपवू नकोस’ हे राखणदाराला सांगितले आहे. ‘न दिलेले घेऊ नकोस’ हे मागणाऱ्याला. राखणदाराचा दोष मागणाऱ्याचा हक्क होत नाही. तसेच मागणाऱ्याच्या अपराधाने राखणदाराचे कर्तव्य संपत नाही. ग्रंथ त्याच्याजवळ आहे तो न्यास म्हणून. न्यास ठेवणारे भूतकाळात आहेत आणि ज्यांच्यासाठी ठेवला ते भविष्यात. मालकाला कारण न देता नकार देता येतो. विश्वस्ताला नकाराचे कारण द्यावे लागते.

या अपराधाची किंमत केवळ मनाला नव्हे, संहितेलाही मोजावी लागली. चोरून आणि घाईने झालेल्या, लिपी बदलत गेलेल्या नकलांत पदे आणि ओळी गळतात, आणि मूळ प्रत बंद असल्यामुळे ती गळती पडताळता येत नाही. पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्राचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मनुष्य-स्त्रीच्या गुणस्थानांविषयीच्या या सूत्रात ‘संजद’ हे पद उपलब्ध प्रतींत नव्हते. टीकेचा संदर्भ पाहता ते असावे, असे संपादकांनी सुचवले. पद असल्यास स्त्रीच्या ठिकाणी पूर्ण संयमाचा निर्देश होतो, आणि स्त्रीमुक्ती नाकारणाऱ्या दिगंबर मताला त्याचा भावस्त्रीपर अर्थ लावावा लागतो. एका पदावरून पंडितांमध्ये तीव्र वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची व्यवस्था झाली आणि ते पद तेथे आढळले. अर्थाचा वाद त्यामुळे मिटला नाही, पण वाद कशावर आहे हे तरी निश्चित झाले.

येथे नैतिक दुरुस्तीचे स्वरूप स्पष्ट होते. गुप्त नकलेचे समर्थन तिच्या सुपरिणामाने होत नाही. मात्र संपादकांनी नकलेची हकिकत प्रस्तावनेत उघड नोंदवली आणि छापलेला पाठ पुन्हा मुळाच्या राखणदारांसमोर ठेवला. राखणदारांनीही तो नाकारण्याऐवजी तपासू दिला. अटीचा भंग करून बाहेर पडलेली नक्कल मुळाकडे परत गेली. तुटलेले सहकार्य सांधले गेले ते पडताळणीच्या सामाईक पद्धतीने. म्हणून मूळ प्रतीशी ताडून पाहणे ही केवळ तंत्राची पायरी मानता येत नाही. विश्वासाची परतफेड करण्याचा तो एक मार्ग आहे.

५

मुद्रणाने या व्यवहारात एक नवे बंधन आणले : मुखपृष्ठ. प्रशस्तीला सहकाऱ्यांची संख्या मर्यादित करावी लागत नव्हती. मुखपृष्ठाला करावी लागते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशामागे शास्त्र्यांचे दीर्घ परिश्रम होते, तरी ‘मोल्सवर्थ’ या एका नावानेच तो कोश ओळखला जातो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने निराळा मार्ग काढला. १९१९ मध्ये आरंभलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या या कार्यात पुण्याबरोबर तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही पाठ नोंदवून घेण्याची केंद्रे होती. अनेक लिपी जाणणारे लोक अक्षर-अक्षर आखीव तक्त्यात उतरवत असत. साधा आखलेला कागद हेच येथे सहकार्याचे तंत्र होते. मात्र त्या कागदावरील बहुतेक हात अनामच राहिले.

नाव नोंदवणे ही नेहमीच कृतज्ञतेची निरुपद्रवी कृती असते असेही नाही. परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील ऋणनिर्देशाचे निमित्त होऊन ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ व हस्तलिखितांची हानी झाली. ज्यांनी वाचनसाहित्य उपलब्ध करून दिले त्यांना पुस्तकातील विधानांचे भागीदार मानले गेले. उपकार आणि सहकर्तृत्व यांतील भेद पुसला की सहकार्याचा कणाच मोडतो. म्हणून नाव कोणाचे, एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणत्या कृतीपुरते, हेही सांगावे लागते. जुन्या प्रशस्तीत हा विवेक होता. लिहिणारा लिहिण्यापुरता, देणारा देण्यापुरता, शोधणारा शोधण्यापुरता.

हातनकलेसाठी महिनोन्महिने भांडाराच्या सान्निध्यात राहावे लागे. छायाचित्राला काही दिवस पुरत. संगणकीय प्रतिमेला एकदा दार उघडले की पुन्हा कोणाची गाठ घ्यावी लागत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनने सूचिकरणाला आणि अंकीय प्रतिमांकनाला देशव्यापी चालना दिली. त्याचा लाभ मोठा आहे. वाशिम किंवा अकोल्याच्या विद्यार्थ्याला ज्या पोथीसाठी पूर्वी शिफारसपत्रे घेऊन हिंडावे लागले असते, ती त्याला पडद्यावर दिसू शकते. भांडारपालाच्या लहरीवर, विद्यार्थ्याच्या जातीवर किंवा लिंगावर ती अवलंबून राहत नाही. या मुक्तीचे मोल कमी लेखणारा युक्तिवाद बहुधा आधीच प्रवेश मिळालेल्यांचा असतो.

परंतु प्रत्येक नव्या साधनाने अपरिहार्य भेटींची संख्या घटत जाते, हेही तितकेच खरे. भेट घटली की नकार देण्याची शक्यता घटते, हा तिचा इष्ट परिणाम. त्याबरोबर दुरुस्त करण्याची शक्यताही घटते, हा अनिष्ट. पोथीचे वेष्टन कोणत्या मंदिरातून आले, दोन पाने दुसऱ्या गठ्ठ्यात का आहेत, समासातील हात कोणाचा, हे बहुधा राखणदाराला ठाऊक असते आणि प्रतिमेत उतरत नाही. अभ्यासकाने लावलेला अर्थ राखणदारापर्यंत परत जात नाही. देवघेव एकेरी झाली की तिला सहकार्य हे नाव उरते, आशय उरतो केवळ पुरवठ्याचा.

उपाय हातनकलेकडे परत जाण्याचा नाही. प्रतिमेलाही प्रशस्ती जोडता येते : ही प्रत कोणाच्या स्वाधीन आहे, कोणाच्या संमतीने व कोणत्या अटीवर चित्रित झाली, कोणी केली, कोणाच्या द्रव्याने, आणि चूक आढळल्यास कोणाला कळवावी. तंत्रदृष्ट्या यात अवघड काहीच नाही. म्हणूनच ती जेथे नसते, तेथे तिचा अभाव हा कोणाच्या तरी निवडीचा भाग असतो.

६

अशा प्रसंगी अनेकान्ताचा हवाला देण्याची प्रथा आहे, आणि तो बहुधा सैलपणे दिला जातो. भांडाराची दृष्टीही खरी, संपादकाचीही खरी, असे म्हणून विषय संपवणे म्हणजे अनेकान्त नव्हे. नयवादाची अट कठोर आहे. एकेक नय अंशतः सत्य असतो तो इतर नयांचा निषेध करीत नाही तोपर्यंत. निषेध केला की तो दुर्नय होतो. पोथी पूज्य आहे म्हणून ती तपासू देणार नाही, हा दुर्नय. पोथी पुरावा आहे म्हणून तिच्या राखणदाराला विचारण्याचे कारण नाही, हाही दुर्नय. तंत्रज्ञान या दोहोंपैकी कोणाचाही पक्ष स्वतःहून घेत नाही. पण आजच्या साधनांत पहिला दुर्नय चालवणे अवघड आणि दुसरा चालवणे अत्यंत सोपे झाले आहे. नैतिक दक्षता कोणत्या बाजूला वाढवावी लागेल, हे यावरून ठरते.

संहिताचिकित्सेत हस्तलिखितांना संक्षिप्त खुणा दिल्या जातात. पाठभेदाच्या तळटिपेत एखादे अक्षर येते आणि त्यामागे एक गाव, एक मंदिर, एक दाता, एक थकलेला हात उभा असतो. सोय म्हणून ही खूण अपरिहार्य आहे. वाचनाच्या सवयीने ती केवळ अक्षर होऊन बसते. साहित्याच्या अभ्यासकाने तळटिपेतील त्या अक्षराची फोड करून ती प्रत कोणाकडून आणि कशी आली हे वाचणे, आणि आपल्या प्रबंधात ते नेमकेपणाने सांगणे, ही शिष्टाचाराची बाब समजली जाते. ‘धवले’च्या इतिहासाकडे पाहता ती पुराव्याची आणि नीतीची अशी दुहेरी बाब आहे, असे मानावे लागते, कारण गळालेले एक पद जेथे सापडले, ती जागा त्या राखणदारांच्याच स्वाधीन होती.